नात्याचा पुरावा

१० फेब्रुवारी, सोमवार

पंधरा कामकाजाचे दिवस म्हणाले होते. आज विसावा.

वेबसाइट उघडली. ‘आपला अर्ज प्रक्रियेत आहे.’ हिरव्या अक्षरात. हिरवा रंग कशाला देतात कोण जाणे.

शाळेत पुन्हा कुणीतरी विचारलं, “मॅडम, तुमचं जायचं काय झालं?” पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. भाऊ तिकडे नोकरीला, नऊ वर्षं झाली. मागच्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास मशिनवर असतो. माझी किडनी त्याला जुळते. ऑपरेशन तिकडेच करायचं, कारण विमा तिकडचा, नोकरी तिकडची, बायको-मुलगी तिकडे. म्हणून मी जायचं. म्हणून व्हिसा.

ऐकणारा “अरे वा, अरे वा” म्हणतो आणि डबा उघडतो.

आमोदचा फोन आला, मशिनला लावलेला असतानाच. मागे सारखं टिंग टिंग चालू.

“ताई, काही कळलं?”

“नाही रे.”

“येईल. घाई नाही.”

घाई नाही म्हणे!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रक्रियेत आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अर्धी रजा टाकून व्हिसा सेंटरला गेले. फोन बाहेर ठेवा, पर्स उघडा, पाण्याची बाटली चालणार नाही. आत सगळी पोरं — शिकायला निघालेली, हातात जाड फायली. त्यांच्यात मी एकटी सत्तेचाळीस वर्षांची, पंजाबी ड्रेसवर स्वेटर घातलेली.

खिडकीत भाग्यश्री नावाची मुलगी. गळ्यातल्या पट्टीवर नाव होतं. चांगली वाटली.

“मॅडम, आम्ही फक्त कागद पुढे पाठवतो. निर्णय तिकडून होतो.”

“तिकडून म्हणजे नक्की कुठून?”

“ते आम्हालाही सांगत नाहीत.”

प्रामाणिक मुलगी! एवढं तरी खरं कुणी बोललं.

६ मार्च, गुरुवार

मेल आला. लेकीने, नम्रताने वाचून दाखवला. अर्जाचं सगळं तीच बघते, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सांभाळून. वाचता वाचता तिचा चेहराच उतरला. मला वाटलं, नाही म्हणाले.

नाही म्हणालेले नाहीत. ‘अर्जदार आणि आमंत्रण देणारी व्यक्ती यांच्या जन्मनोंदीत वडिलांचं आडनाव वेगळं दिसतं. दोघे भाऊ-बहीण असल्याचा पुरावा सादर करावा.’

खरंच आहे. माझ्या जन्माच्या वेळी बाबा सीताराम खरात होते. मी चार वर्षांची असताना त्यांनी आडनाव बदलून घेतलं, गावाच्या नावावरून धामणगावकर. आमोद त्यानंतर झाला. तो जन्मापासून धामणगावकर. मी जन्मनोंदीत खरात, शाळेत धामणगावकर, लग्नानंतर वाघमारे. आणि जन्मनोंदीत माझं नावच नाही. नुसतं ‘स्त्री’.

शाळेच्या ऑफिसात एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांचे दाखले लिहितेय. माझाच दाखला चालत नाही.

आईने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात बाबांच्या वेळचं राजपत्राचं पान, चार घड्या घातलेलं. तीन ओळींची सूचना. मी ती पहिल्यांदाच वाचली.

“का बदललं गं त्यांनी?” नम्रताने विचारलं. आईला असं सरळ मी कधी विचारलं नव्हतं.

आई म्हणाली, “ऑफिसात नाव सांगितलं की समोरचा आधी यांच्याकडे बघायचा, मग स्वतःच्या पाण्याच्या ग्लासाकडे. रोज. एक दिवस आले आणि म्हणाले, पोरांना हे नको.”

मग बराच वेळ ते पान हाताने सपाट करत बसली.

“त्यांना काय ठाऊक, पोरांनाच एकमेकांची ओळख पटवावी लागेल.”

रक्त तपासलं, पेशी तपासल्या, सगळं जुळलं. कागद तेवढे जुळत नाहीत.

१२ मार्च, बुधवार

प्रतिज्ञापत्र, राजपत्र, त्याचं भाषांतर, भाषांतर खरं असल्याचं पत्र, आईचं निवेदन, आईच्या अंगठ्याशेजारी तिची सही (तिला सही येते, तरी अंगठाही हवा होता). सगळं अपलोड केलं. नम्रता म्हणाली, “आता तरी बास.”

२५ मार्च, मंगळवार

प्रक्रियेत आहे. हल्ली वाचावंही लागत नाही. ओळीच्या लांबीवरून कळतं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी सगळे मिळून गेलो. आईने पांढरी साडी नेसली, नम्रताने निळी ओढणी. वंदना झाली. बाहेर पडलो तर ओळखीची माणसं थांबवून थांबवून विचारतात, “अजून गेली नाहीस?” जशी काही मीच टाळतेय.

जुन्या चाळीतल्या कौशल्यामावशींनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, “फार मोठं काम करतेयस गं बाई. जन्म देण्यासारखंच.”

मी हसले. आणि हात सोडवून घेतला.

खरं लिहू का? इथे नाही तर कुठे लिहिणार.

मला भीती वाटते. साधी, लहान मुलाला वाटते तशी. बाबा हर्नियाच्या ऑपरेशनला गेले होते. हर्निया! चालत गेले, दाढी करून गेले, “संध्याकाळी मूगडाळीची खिचडी कर” म्हणून गेले. भूल दिली आणि उठलेच नाहीत. मी तेव्हा एकवीस वर्षांची. बाहेर बाकावर आमोदचा हात धरून बसले होते. तो पंधराचा.

तेव्हापासून मी दातसुद्धा भूल देऊन काढलेला नाही. हे सगळ्यांना माहीत आहे. पण किडनी जुळली म्हटल्यावर सगळे विसरले. आईसुद्धा. आईने तर विचारलंच नाही. तिने थेट शेजारी सांगितलं, “आमची शीला देणार आहे.” त्या दिवसापासून मी देणार आहे.

आणि रोज सकाळी ती हिरवी ओळ दिसते तेव्हा माझ्या छातीत काहीतरी सैल पडतं. आजचा दिवस सुटला, असं वाटतं. माझा भाऊ तिकडे मशिनला लावलेला, आणि मला इकडे सुटल्यासारखं वाटतं.

लिहिलं. आता वही कपाटात, साड्यांच्या खाली.

२ मे, शुक्रवार

तपासण्यांना सहा महिने झाले, आता त्या जुन्या. पुन्हा करा. चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवायची आणि लॅबला नेऊन द्यायची. आमच्या ह्यांनी, संजयनी स्कूटरवर पायांपाशी ठेवून नेला कॅन. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, “काका, तेल कुठलं? घाण्याचं का?” संजय म्हणाले, “घरचंच आहे.”

किती दिवसांनी एवढी हसले.

डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, “उत्तम! तुमच्या किडन्या तिशीतल्या बाईसारख्या आहेत.” बाहेर आले आणि पार्किंगमध्ये रडू फुटलं. संजयना वाटलं, आनंदाने. त्यांनी मला उसाचा रस पाजला.

१९ मे, सोमवार

व्हिडिओ कॉल. आमोदचा रंग काळवंडलाय. हातावर ज्या जागी सुया टोचतात तिथे लिंबाएवढी गाठ आलीय. त्याची मुलगी आठ वर्षांची, ती कौतुकाने दाखवत होती — “आत्या, इथे हात लाव ना, गुरगुर करतं!” फोनच्या काचेवर बोट टेकवलं मी.

त्याला दिवसभरात मोजून पाणी. एक स्टीलचं भांडं आहे, आईने लग्नात दिलेलं. त्यातच दिवसाचं पाणी भरून ठेवतो म्हणे, दिसत राहावं म्हणून.

“ताई, कलिंगडं आली का गं तिकडे?”

आम्ही तेच खात बसलो होतो. मी ताटली हळूच कॅमेऱ्याच्या बाहेर सरकवली.

“यंदा पाणचट आहेत,” म्हटलं. “काही चव नाही.”

५ जून, गुरुवार

नामंजूर.

दोन कारणं. एक — नातं समाधानकारकरीत्या सिद्ध झालेलं नाही. दोन — भेटीचा उद्देश संपल्यावर अर्जदार मायदेशी परतेल याची खात्री वाटत नाही.

मी परतणार नाही! घर जरा मोठं मिळत होतं तरी विश्रांतवाडी सोडून धानोरीला राहायला जायला मी तयार झाले नव्हते. शाळेत माझी खुर्ची बदलली तर माझी पाठ धरते. आणि मी एका किडनीवर परदेशात पळून जाणार!

नम्रता रडली. संजय नुसते मेल पुन्हा पुन्हा वाचत होते, जणू काही वेगळं निघेल.

मी दुपारी आडवी झाले आणि तीन तास झोपले. गाढ. फेब्रुवारीपासून अशी झोप लागली नव्हती.

उठले तर आई जेवायची थांबली होती. थांबली नव्हती, जेवणारच नव्हती. ताट बाजूला सारून म्हणाली, “झोप लागते तुला.”

मी ताट पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

“लागणारच. तुझं काय जातंय.”

आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. लेकाची काळजी बोलतेय. हे मला कळतं. तरी लागलं ते लागलंच.

७ जून, शनिवार

सकाळचा चहा. नम्रता झोपलेली, आई आंघोळीला गेलेली. संजय वर्तमानपत्र न उघडताच बसले होते.

“तुला एकदा तरी कुणी विचारलं का गं?”

“काय?”

“द्यायची आहे का, असं.”

“असं कुणी विचारतं का, अहो?”

“नाही विचारत. म्हणून विचारतोय.”

दूध वर आलं होतं म्हणून उठले. दूध वर आलं नव्हतं.

१६ जून, सोमवार

दुसरा अर्ज. शाळेचं पत्र जोडलं, पेन्शनला किती वर्षं राहिली ते जोडलं, घराचे कागद, संजयच्या फॅक्टरीचं पत्र, नम्रताच्या कॉलेजचं ओळखपत्र — परत यायला कारण आहे हे दाखवायला. तिकडच्या हॉस्पिटलनेही नवं पत्र दिलं. राजपत्र पुन्हा.

“मम्मी, भेटीच्या कारणाला शंभरच अक्षरं मावतात.”

“मग काय लिहिलंस?”

“भावाला किडनी देणे.”

“मावलं?”

“खूप जागा उरली.”

१ जुलै, मंगळवार

प्रक्रियेत आहे. नवीन अर्ज, तीच ओळ.

११ जुलै, शुक्रवार

तेच. पेन उचलायचाही कंटाळा.

२४ जुलै, गुरुवार

भावजयीचा, पूर्वाचा फोन. ती कधी एवढ्या सकाळी करत नाही. आमोदला ताप आला, रक्तात संसर्ग गेलाय, हॉस्पिटलात ठेवलंय. “घाबरू नका ताई” म्हणाली आणि तिचाच आवाज गेला.

आई बुद्धांच्या तसबिरीपुढे बसली ती उठेचना. मी शाळेत गेले. प्रवेशाची गर्दी, दाखल्यांची रांग. मध्येच मोबाइल काढून ती वेबसाइट बघत होते. दर वेळी तेच.

आज ते बघून छातीत काहीच सैल पडलं नाही. उलट राग आला. मोठ्याने काहीतरी बोलले असेन, कारण खिडकीपलीकडचा एक वयस्कर माणूस म्हणाला, “चुकलं का बाई माझं काही?”

२८ जुलै, सोमवार

ताप उतरला. घरी सोडतील.

३ ऑगस्ट, रविवार

गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले होते. तिथूनच आमोदला फोन केला. तो घरी आलाय, आवाज अजून खोल जातो.

ठरवून केला नव्हता फोन. पण त्याने आधी विचारलं, “ताई, काही कळलं?” आणि मी म्हटलं, “आमोद, मला एक सांगायचंय. मला भीती वाटते.”

“कसली?”

“ऑपरेशनची. भूल देतात त्याची.”

मी बोलत सुटले. व्हिसा येत नाही म्हणून मला बरं वाटायचं, हेही सांगितलं. नामंजूर झाला त्या दिवशी झोपले, तेही सांगितलं. एकदा सुरू झालं ते थांबेना. हातात ओला टॉवेल तसाच, पायावर पाणी गळतंय.

मग तो म्हणाला, “बाबांमुळे?”

“हो.”

“तू त्या दिवशी माझा हात इतका घट्ट धरला होतास ना, दुखत होता.”

“मला आठवत नाही रे.”

“मला आठवतं. नऊ महिने झाले आपण यावर बोलतोय. मी तुला कधी विचारलंच नाही गं.”

“मी देणार नाही असं नाही म्हणत मी —”

“ठेवतो, ताई.”

आणि ठेवला.

१० ऑगस्ट, रविवार

आमोदचा फोन नाही. मी दोनदा केला. दोन्ही वेळा पूर्वाने उचलला. “झोपलाय ताई.” नवऱ्यासाठी खोटं बोलायची तिला सवय नाही, लगेच कळतं.

आईने विचारलं, “काय बोललीस त्याला?”

“खरं ते बोलले.”

“आजाऱ्याशी?”

स्वतःचं मन हलकं करायला मी त्याच्यावर ओझं टाकलं का? तो आधीच पाण्याचे घोट मोजतोय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मेल आला. ‘दोघांमधील नातं सिद्ध करणारी कागदपत्रं सादर करावीत.’

नम्रताने लॅपटॉप धाडकन मिटला. “मम्मी, यांनी उघडलंच नाहीये काही! दोनदा पाठवलंय आपण! दोनदा!” मग संजयवरच ओरडली, मग रडली, मग पुन्हा लॅपटॉप उघडला आणि राजपत्र तिसऱ्यांदा अपलोड केलं. माझी मुलगी या सहा महिन्यांत केवढी मोठी झाली, आणि केवढी चिडकी.

आई बाजूला येऊन बसली. म्हणाली, “तुझ्या बाबांच्या वेळी मीपण बाहेर होते, शीला. तू त्याचा हात धरलास. माझा कुणी धरला नाही. म्हणून मी ते आठवतच नाही. आठवलं असतं तर तुला ‘दे’ म्हणून सांगता आलं नसतं.”

एवढंच. उठून कणीक मळायला गेली.

मी थकलेय. कशाने ते आता सांगता येत नाही. वाट बघून की भिऊन, की आमोदच्या गप्प बसण्याने. शाळेत आज एका मुलाच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाच्या जागी चुकून ‘प्रक्रियेत’ असं लिहिलं. फाडून नवा लिहिला.

आमोदला मेसेज पाठवला — ‘रागावलास का?’ दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी आमोदचा फोन. “रागावलो नव्हतो. ऑफिसशी बोलत होतो, डॉक्टरांशी बोलत होतो. ताई, माझा पासपोर्ट अजून आपलाच आहे. मला यायला व्हिसा लागत नाही.” पुढच्या गुरुवारी पोचतोय. पूर्वा आणि मुलगी मागाहून येतील. तिकडचं सगळं सोडून. पुण्यात डायलिसिसची जागा त्याने फोनवरून ठरवूनसुद्धा टाकली. मी म्हटलं, “अरे, किडनीसाठी एवढं —” तर म्हणाला, “किडनीसाठी नाही. तुला समोर बसून विचारायचंय. नाही म्हणालीस तरी परतीचं तिकीट काढलेलं नाही.”

आईला अजून सांगितलेलं नाही. आधी शाळेत जाऊन रजेचा अर्ज दिला. तीन महिने. कारण — शस्त्रक्रिया. मोठे सर वाचून म्हणाले, “म्हणजे आला वाटतं व्हिसा शेवटी!”

“नाही सर,” म्हटलं. “भाऊ येतोय.”